वकिलांच्या ऑफिसातल्या पोरापोरींना रोजचा एक तास द्या

माननीय संपादक,

निकाल लागले की तुमच्या पेपरात करिअरची पानं येतात आणि ती मी दरवर्षी कापून ठेवते, ऑफिसला नवीन लागणाऱ्या पोरापोरींना दाखवायला बरी पडतात. यंदा कायद्याच्या क्षेत्रावरपण लेख होता, न्यायाधीश व्हायला काय लागतं, सरकारी वकील कसं व्हायचं, कंपनीत लीगल ऑफिसर कसं व्हायचं, सगळं व्यवस्थित दिलंय. पण रोज सकाळी कोर्टाच्या आवारात वकील साहेबांच्या आधी जे हजर असतात, काखेत फायली, बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, आपलं मॅटर कितव्या नंबरला आहे ते बघून साहेबांना फोन करणारे, त्या कारकून, टायपिस्ट, असिस्टंट मंडळींबद्दल त्यात एक ओळ नाही. सोलापुरात, बार्शीत, पंढरपुरात, अक्कलकोटला, जिथं जिथं कोर्ट आहे तिथं ही पोरं आहेत, वीस-बावीस वर्षांची, बीए-बीकॉम झालेली नाहीतर शिकत असलेली, आणि या कामात पुढं कसं जायचं हे त्यांना कुणी सांगत नाही. मी स्वतः बरीच वर्षं याच कामात आहे म्हणून लिहितेय, पत्र जरा लांबेल पण छापा.

घरच्यांना वाटतं पोरगं वकिलाकडं फायली उचलायला जातं. पूर्वी तसं असेलही थोडंफार, आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपलं सोलापूर असे सहा जिल्हे आहेत. आधी हायकोर्टाचं काम निघालं की रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायची, कागदं तिथल्या वकिलाच्या हातात द्यायची आणि परत यायचं, पुढचं सगळं त्यांच्या भरवशावर. आता सोलापूरचे वकील कोल्हापूरला स्वतः उभे राहायला लागलेत, म्हणजे अपिलाची आणि रिट याचिकेची तयारी इथल्याच ऑफिसात करावी लागते. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मराठीत आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, म्हणजे साक्षी, खरेदीखतं, फेरफार सगळ्याचं भाषांतर आलं, इंडेक्स आला, पान नंबर आले, कोणत्या तारखेला काय घडलं त्याचा गोषवारा आला. हे नीट करणारं माणूस आज प्रत्येक ऑफिसला पाहिजे आहे आणि मिळत नाही.

मिळत का नाही तर आपण तयारच करत नाही. पोरगं सकाळी कोर्टात, दिवसभर या कोर्टातून त्या कोर्टात, मध्येच झेरॉक्स, स्टॅम्प, नोटरी, नाझरकडं समन्स पाठवायची प्रोसेस फी, समन्स बजावणाऱ्या बेलीफाला गाठायचं, नक्कल विभागात चौकशी, संध्याकाळी ऑफिसला आलं की पक्षकारांची गर्दी, त्यांना चहा सांगायचा, काही ठिकाणी तर साहेबांच्या घरचं लाइटबिलपण त्याच्याकडंच, आणि रात्री नऊला घरी. अशी दोन वर्षं जातात. त्याला विचारा, दाव्यात नि. ५ ला (निशाणी ५, म्हणजे फाइलमधल्या कागदाचा नंबर) काय असतं, तर पटकन सांगेल की तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. पण ती फाइल दोन वर्षं त्याच्या हातात आहे, त्या नि. ५ मध्ये मागितलंय काय, कुठल्या गट नंबरावर, कुणाविरुद्ध, हे त्याने कधी वाचलेलंच नसतं, कारण वाचायला बसायला त्याला कुणी मोकळं सोडलेलं नसतं. पोरगं कष्टात कुठंच कमी पडत नाही हो.

म्हणून माझी मागणी एकच आहे. कोर्ट उठल्यावर आणि पक्षकार यायच्या आधी, साधारण साडेपाच ते साडेसहा, ऑफिसातल्या कारकुनाला रोज एक तास द्या. त्या तासात फोन नाही, चहा नाही, झेरॉक्स नाही. उद्याच्या बोर्डावरच्या फायली काढायच्या आणि बसून वाचायच्या. हा तास रात्री गर्दी ओसरल्यावर देतो म्हणाल तर त्याचा उपयोग नाही, कारण आता या कामात मुली बऱ्याच येतायत आणि रात्री उशिरा जुळे सोलापूर नाहीतर अक्कलकोट रोडला जायला त्यांना रिक्षा परवडत नाही, घरचेपण ठेवत नाहीत, मग चांगल्या मुली काम सोडतात.

त्या तासात पहिलं काम तारखांचं. पुढची तारीख सगळेच लिहितात, पण कायद्याची मुदत कधी संपते ती तारीख फार थोड्या ऑफिसांच्या डायरीत सापडते. समन्स बजावल्यापासून कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस, कारण दाखवलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत देतं, आणि कमर्शियल दाव्यात तर १२० दिवस झाले की कैफियत रेकॉर्डवर घेतच नाहीत. मग समन्स कोणत्या दिवशी बजावलं ते फाइलच्या कव्हरवर लाल पेनाने पाहिजे का नको? आणि चेकच्या केसेस, त्या आपल्याकडं किती आहेत हे वेगळं सांगायला नको, पतसंस्था, व्यापारी, यंत्रमागवाले, सगळ्यांचे चेक परत येतात. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८ मध्ये चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते संपले की पुढच्या एका महिन्यात फिर्याद. यातली मधली मुदत नोटीस समोरच्याच्या हातात पडली त्या दिवसापासून मोजायची असते, म्हणून पोस्टाच्या साइटवरचा ट्रॅकिंग रिपोर्ट त्याच आठवड्यात प्रिंट करून फाइलला लावायचा, पुढं तो साइटवर सापडत नाही आणि मग पोस्टात अर्ज घेऊन हेलपाटे.

निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकलेचं तर विचारू नका. अपिलाला जिल्हा कोर्टात ३० दिवस आणि हायकोर्टात ९० दिवस, आणि नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, मुदतीच्या कायद्याचं कलम १२. पण वजा होतो तो नक्कल तयार होईपर्यंतचाच, तयार होऊन पडलेली नक्कल आपण आणायला गेलो नाही ते दिवस आपल्याच अंगावर पडतात. हे कळायला पुस्तक लागत नाही, नकलेवरच नोंद असते, अर्ज कधी केला, तयार कधी झाली, दिली कधी. नवीन पोरगं आलं की मी पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर एक जुनी नक्कल ठेवते, त्या तीन तारखा वाचायला लावते आणि म्हणते, काढ आता अपिलाची शेवटची तारीख. आणि तो दिवस रविवारी आला तर काय, दिवाळीच्या सुट्टीत आला तर काय (कोर्ट उघडेल त्या दिवशी चालतं, त्याच कायद्याचं कलम ४). ज्याला हे न अडखळता जमतं त्याला मग ऑफिसात कुणी हलकं समजत नाही, साहेबच त्याला विचारायला लागतात, अरे अमक्याची मुदत कधीये.

डायरीबद्दल दोन टोकं बघते मी. जुनी मंडळी ई-कोर्टच्या अॅपला हात लावत नाहीत आणि नवीन पोरं अॅप आहे म्हणून कागदी डायरीच ठेवत नाहीत. दोन्ही पाहिजे. प्रत्येक केसला मिळणारा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकून ऑफिसची प्रत्येक केस अॅपमध्ये सेव्ह करून ठेवायची, त्याचा बॅकअप घ्यायचा (फोन हरवला की सगळं गेलं), पण कोर्टात कानाने ऐकलेली तारीख आणि स्टेज तिथल्या तिथं डायरीत लिहायची आणि संध्याकाळच्या त्या तासात अॅपशी मेळ घालायचा, फरक दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आधी रोजनामा (त्या दिवशी केसमध्ये काय झालं त्याची कोर्टातली नोंद) बघायचा मग बाकीची कामं. आणि नुसती तारीख लिहू नका, स्टेज लिहा, कारण उलटतपासाला ठेवलेली केस आणि समन्सच्या रिपोर्टसाठी ठेवलेली केस, दोन्हीची तयारी सारखी नसते. नाझर, नक्कल विभाग, बेलीफ, स्टॅम्प ही कामं एका चिठ्ठीवर लिहून एका फेरीत उरकायची, प्रत्येकासाठी वेगळा जिना चढायचा नाही. मोबाईलवर पोरं पहाटे पाचला उठायचे व्हिडिओ बघतात, उठा, चांगलंच आहे, पण आपल्या कामात आदल्या संध्याकाळी फायली लावलेल्या असल्या तर सकाळचा निम्मा ताण तिथंच जातो.

ई-फायलिंगचं थोडक्यात सांगते. स्कॅन केलेल्या फाइलला स्कॅन१, फायनल, फायनल नवीन अशी नावं देऊ नका, दाव्याचा नंबर, पक्षकाराचं आडनाव, कागद कोणता आणि तारीख, एवढं नावात टाका म्हणजे तीन वर्षांनी दुसऱ्या कुणालाही सापडेल. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसत्या रेघोट्या दिसतात. आणि मुदतीच्या शेवटच्या रात्री अपलोड करायला बसू नका.

आता एका मुलीचं सांगते, नाव देत नाही, तिला आवडणार नाही. विडी घरकुलातली, आई विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात. टायपिंगला म्हणून लागली. तिला त्या एका तासात प्रॉपर्टीच्या फायली वाचायची गोडी लागली, सातबारा, आठ-अ, फेरफार, शहरातलं असेल तर प्रॉपर्टी कार्ड, सूची क्रमांक २ (रजिस्टर दस्ताचा गोषवारा). बँकेच्या कर्जासाठी टायटल सर्च लागतो, बहुतेक ३० वर्षांचा, म्हणजे मिळकत कुणाकडून कुणाकडं कशी आली ते सलग दाखवायचं, मधला एक दुवा तुटला तरी रिपोर्ट अडतो. सातबारा आता घरबसल्या १५ रुपयांत डिजिटल सहीचा निघतो, पण काढणं वेगळं आणि वाचणं वेगळं. ही मुलगी एका वहीत वर्ष, फेरफार नंबर, कोण गेलं, कोण आलं, कशाने आलं असे रकाने आखून प्रत्येक मिळकतीची साखळी लिहायला लागली. एकदा पूर्व भागातल्या एका घराचं काम आलं, प्रॉपर्टी कार्डावर वडिलांनंतर दोन भावांची वारस नोंद, सगळं सरळ. त्यातल्या एका भावाच्या म्हाताऱ्या पत्नी कागद द्यायला आल्या होत्या, मराठी जेमतेम, ही त्यांच्याशी तेलुगूत बोलत बसली आणि बोलता बोलता बाई म्हणाल्या की नणंदेच्या पोराचं लग्न आहे, त्या गडबडीत आहोत. नणंद, म्हणजे त्या भावांना बहीण आहे, आणि वारस नोंदीत बहीण नाही. हिने उठून साहेबांना सांगितलं, साहेबांनी रिपोर्टात तसं लिहिलं, बहिणीकडून रजिस्टर हक्कसोडपत्र झालं आणि मगच कर्ज पास झालं. आज ऑफिसातले सगळे सर्च रिपोर्ट तिच्या वहीवरून तयार होतात, साहेब तपासून सही करतात, आणि तिला त्याचे पगाराशिवाय वेगळे पैसे मिळतात. सोलापुरात बऱ्याच पोरांना तेलुगू नाहीतर कन्नड येतं आणि ते सांगायला लाजतात, अरे हीच तर तुमची जमेची बाजू आहे.

फौजदारी कामात अजून एक सवय लावून घ्या, जुना फॉरमॅट उघडून नुसतं नाव बदलून प्रिंट द्यायची नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे आले, कलमांचे नंबर बदलले, अटकपूर्व जामीन ४३८ चा ४८२ झाला, अटकेनंतरचा ४३९ चा ४८३, पोटगी १२५ ची १४४. त्यात गंमत नाही, धोका आहे, कारण जुन्या कायद्यात ४८२ म्हणजे हायकोर्टात गुन्हा रद्द करून मागायचा अर्ज होता आणि तो आता ५२८ झाला. आणि गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला असेल तर गुन्ह्याची कलमं जुन्या भादंविचीच (भारतीय दंड संहितेची) लागतात. त्यामुळं आधी गुन्ह्याची तारीख बघायची, मग टाइप करायचं. चॅटजीपीटीवरून निवाडे शोधून देणारी पोरंपण बघितलीत मी, त्यांना कळकळीने सांगते, २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने असे अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले म्हणून वकिलांना ५००० डॉलर दंड केलाय. सुप्रीम कोर्टाचं निवाड्यांचं ई-एससीआर पोर्टल फुकट आहे, बरेच निवाडे मराठीतपण आहेत, तिथं निवाडा उघडून डोळ्याने वाचल्याशिवाय साहेबांच्या टेबलावर ठेवू नका.

आता वकील साहेबांना आणि मॅडमना. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे बंधन कायद्याने वकिलाच्या कारकुनावरपण घातलंय, पूर्वी पुराव्याच्या कायद्यात कलम १२७ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. (पोरांनो, म्हणूनच पक्षकाराची कागदं मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाहीत.) कायदा ज्याच्याकडून वकिलाइतकीच जबाबदारी मागतो त्याला नेमणुकीचा साधा कागद नाही, पगाराची तारीख ठरलेली नाही, आजारी पडला तर बघणारं कुणी नाही. केरळात वकिलांच्या कारकुनांच्या कल्याण निधीसाठी वेगळा कायदा आहे, आपल्याकडं निदान चर्चा तरी सुरू व्हावी.

हा विषय काढला की लोक सुशीलकुमार शिंदे साहेबांचं उदाहरण देतात, सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी केली, रात्रशाळेत शिकले, पुढं वकील, मुख्यमंत्री, देशाचे गृहमंत्री झाले. सोलापूरकर म्हणून अभिमान आहेच. पण एवढ्या मोठ्या माणसाचं उदाहरण देऊन आपण बाकीच्या शंभर पोरांना, तुम्हीपण जिद्द ठेवा, एवढंच सांगून मोकळे होतो, आणि ज्याच्या अंगात जिद्द आहे त्याच्याकडंपण संध्याकाळी पुस्तक उघडायला वेळ नसतो हे बघत नाही.

वाटा आहेत. टायपिंगची सरकारी परीक्षा, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं सर्टिफिकेट, ते आधी काढून ठेवा, कारण जिल्हा कोर्टांच्या भरतीत कनिष्ठ लिपिकाला तेच लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा कोर्टांसाठी लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई मिळून ४६२९ जागांची जाहिरात निघाली होती, आमच्या ओळखीतल्या काही हुशार पोरांना सर्टिफिकेट नव्हतं म्हणून फॉर्मच भरता आला नाही. पदवी अर्धवट राहिली असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून काम करत पूर्ण करता येते. एलएलबी मात्र पत्राचाराने होत नाही, बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते, म्हणजे ज्याला वकील व्हायचंय त्याच्या साहेबांनी सकाळी कॉलेजला सोडलं पाहिजे, असे साहेब सोलापुरात आहेत आणि त्यांना मी मनापासून नमस्कार करते. ज्यांना सरकारी नोकरी किंवा वकिली नको त्यांना टायटल सर्च, भाषांतर, हायकोर्टाच्या फायली बांधणं यात आज चांगलं काम आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरा लीगल व्हॉलंटियर (कायद्याच्या कामात लोकांना मदत करणारा स्वयंसेवक) म्हणून नाव दिलं तर अर्ज लिहिण्याचा आणि लोकांशी बोलण्याचा हात बसतो.

सोलापूर बार असोसिएशनला विनंती आहे की ई-फायलिंगचं ट्रेनिंग ठेवाल तेव्हा कारकुनांना आणि टायपिस्टना पण आत बसू द्या, अपलोड शेवटी तेच करतात. मे महिन्याच्या सुट्टीत दोन-चार दिवस त्यांच्यासाठीच वेगळे ठेवले तर अजून चांगलं, मुदतीची गणितं, नवीन कलमं, सातबारा-प्रॉपर्टी कार्ड वाचन, शिकवायला आपलेच ज्येष्ठ कारकून आनंदाने येतील.

आणि संपादक साहेब, तुमच्या पुढच्या करिअरच्या पानांत या कामाला जागा द्या. टायपिंग परीक्षेचे फॉर्म कधी सुटतात, कोर्टाची भरती कुठं बघायची, एलएलबीच्या सीईटीची तारीख, प्राधिकरणात नाव कसं द्यायचं, एवढं जरी एका चौकटीत छापलं तरी तालुक्याच्या पोरांपर्यंत पोचेल. मजकूर लागला तर आम्ही चार-पाच जणी मिळून तयार करतो आणि टाइप करून ऑफिसला आणून देतो.

आपली,
एक वकील कारकून, सोलापूर